भय की बोध? बालसंगोपन आणि अहिंसाधर्म

अहिंसा हा महानुभाव मार्गाच्या आचारधर्माचा पाया आहे, याविषयी मार्गात दुमत नाही. उपदेशी कुटुंबात मद्यमांस वर्ज्य असते, बळी देण्याच्या प्रथेला थारा नसतो, पायाखाली मुंगी सापडू नये म्हणून वडील माणसे जपून पाऊल टाकतात. परंतु त्याच घरात चार-पाच वर्षांचे बालक हट्टाने किंवा दुःखाने रडू लागले, की त्याला गप्प करण्यासाठी हात उगारला जातो, 'बुवा येईल' असे सांगितले जाते, किंवा 'देव शिक्षा करील' अशी धमकी दिली जाते. बालक गप्प होते. घर शांत होते. ही शांती अहिंसेतून आली की हिंसेतून, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. तोच प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे.

मुलांना राग, भय, दुःख, मत्सर यांच्याशी कसे वागावे हे शिकविणे हा केवळ प्रपंचाचा विषय आहे, त्याचा शास्त्रचिंतनाशी काय संबंध, असे कोणा साधकास वाटणे संभवते. परंतु आज जे बालक आईच्या पदराआड उभे आहे, तेच उद्या उपदेश घेणार आहे, स्मरणास बसणार आहे, कदाचित अनुसरणारही आहे. ज्या मनाने ते स्मरण करील, ते मन आज घरात घडत आहे. आपल्या विकारास ओळखण्याची सवय ज्याला बाळपणी लागली नाही, त्याला तो विकार जिंकण्याचा उपदेश पुढे फार उशिरा पोचतो. म्हणून हा विषय आचारप्रकरणाच्या बाहेरचा नाही.

बाजारातील ओझे आणि घरातील ओझे

विचार अधांतरी राहू नये, यासाठी एक प्रत्यक्ष स्थळ डोळ्यांपुढे घ्यावे. पुण्यात गुलटेकडीस मार्केट यार्ड आहे. पुणे कृषि उत्पन्न बाजार समितीचा हा बाजार. नाना पेठ, भवानी पेठ या भागांतील घाऊक व्यापार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टप्प्याटप्प्याने येथे आला. फळे व भाजीपाला, कांदा-बटाटा, फुले, गूळ-भुसार असे त्याचे विभाग आहेत. रात्रभर शेतमालाच्या गाड्या येत राहतात आणि शहर झोपेत असतानाच येथील दिवस सुरू होतो. अडते, तोलणार, हमाल, टेम्पोचालक, किरकोळ विक्रेते अशा सहस्रावधी कुटुंबांची चूल या बाजारावर पेटते.

येथील हमालाच्या पाठीवर एके काळी शंभर शंभर किलोंचे पोते असे. माणसाच्या पाठीने किती भार वाहावा याला काही मर्यादा हवी, हा विचार समाजाला सहजासहजी सुचला नाही. त्यासाठी डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायतीला दीर्घ काळ झगडावे लागले. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. १९७४ साली 'कष्टाची भाकर' हा उपक्रम सुरू होऊन श्रमिकाला स्वस्त आणि पोटभर अन्न मिळू लागले. पोते पन्नास किलोंवर आणावे, ही मागणी पुढेही सातत्याने मांडली गेली. या सर्व खटपटीच्या मुळाशी एकच न्याय होता: जो भार दुसऱ्यावर ठेवायचा, तो त्याला पेलेल एवढाच असावा.

हाच न्याय घराच्या उंबरठ्याच्या आत लावून पाहावा. बाजारात एखाद्या दिवशी आवक वाढते, भाव कोसळतो, कोथिंबिरीची जुडी मातीमोल होते. शेतकरी हातातील पट्टीकडे पाहून अडत्यावर चिडतो, अडत्या तोलणारावर, तोलणार हमालावर. दुपारी थकून घरी गेलेल्या माणसाच्या मनात तो राग शिल्लक असतो. घरात त्या रागाला उलट उत्तर न देणारा एकच जीव असतो, तो म्हणजे बालक. त्याने पाण्याचा तांब्या लवंडला एवढे निमित्त पुरते. पोते खांद्यावरून थप्पीवर उतरविता येते. मोठ्यांनी टाकलेला राग बालकाला कोठे उतरविता येईल? ते तो आपल्या धाकट्या भावंडावर, शाळेतील दुबळ्या सोबत्यावर किंवा गल्लीतील कुत्र्यावर उतरविते. अशा रीतीने एका ठिकाणचा विकार दुसरीकडे वाहून नेला जातो आणि कोणाच्याही हिशेबी त्याची नोंद होत नाही.

ही स्थिती केवळ कष्टकऱ्याच्या घरची नव्हे. गाळ्याच्या मालकाच्या घरी, कचेरीत नोकरी करणाऱ्याच्या घरी, शिक्षकाच्या घरीही हेच घडते. बाजाराचे उदाहरण एवढ्याचसाठी, की तेथे ओझे डोळ्यांनी दिसते.

भय दाखविणे ही हिंसा कशी?

हिंसा कायिक, वाचिक आणि मानसिक अशी तीन प्रकारची होते, हे साधकांस परिचित आहे. जीवाला उद्वेग देणारे वचनही हिंसेतच मोडते. श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाचे निरूपण करताना श्रीकृष्ण महाराजांनी बोलणे उद्वेग न देणारे असावे, तसेच सत्य, प्रिय आणि हितकर असावे असे सांगितले आहे. बालकाला घातलेल्या भीतीत यांपैकी बहुतेक लक्षणांचा भंग होतो. ती उद्वेग देते, ती प्रिय नसते आणि बहुधा ती असत्यही असते, कारण बुवा येणार नसतो हे बोलणाऱ्याला ठाऊकच असते.

सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना 'अभय' या गुणापासून सुरू होते, हेही चिंतनीय आहे. जो गुण गणनेत प्रथम आला, त्याचाच नाश करून पुढील गुण मुलाच्या अंगी आणू पाहणे म्हणजे पाया उकरून भिंत चढविण्यासारखे होय.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या सशाच्या लीळेचे स्मरण येथे करावे. पारध्यांनी पिटाळलेला ससा जीवाच्या आकांताने धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली शिरला. स्वामींनी त्या भ्यालेल्या जीवास आश्रय दिला. पारधी मागे आले, तेव्हा त्यांच्यावर न कोपता त्यांना बोध केला, त्यांची बुद्धी पालटविली, आणि मग सशास मोकळे सोडले. या लीळेचा अर्थ प्राण्यांवरील दयेपुरता घेतला जातो. परंतु तिच्यात क्रम आहे आणि तो गृहस्थाने शिकण्यासारखा आहे. भ्यालेल्याला प्रथम आश्रय, नंतर चुकणाऱ्याला बोध, आणि शेवटी मोकळीक. रडणाऱ्या बालकाच्या ठायी भ्यालेला जीव आणि चुकणारा जीव एकच असतो. तरी क्रम तोच राहतो. जवळ घेणे आधी, समजावणे नंतर. घरोघरी मात्र हा क्रम उलटा चालतो: आधी शिक्षा, मग उपदेश, आणि आश्रय मिळालाच तर रात्री मूल झोपी गेल्यावर.

देवाचे आणि भिक्षुकाचे भय

भय घालण्याचे दोन प्रकार तर मार्गाच्या दृष्टीने विशेष दोषास्पद आहेत.

पहिला प्रकार देवाचे भय. 'खोटे बोललास तर देव जीभ कापील', 'देव सगळे पाहतो, तो सोडणार नाही' अशी वाक्ये प्रेमळ माताही सहज उच्चारतात. परमेश्वर कृपाळू आहे, जीवांचा उद्धार हेच त्याचे व्यसन आहे, असे मार्गात परंपरेने निरूपण होते. ज्या बालकाच्या मनात प्रथमच देवाची मूर्ती शिक्षा करणाऱ्या फौजदाराची कोरली गेली, त्याला पुढे कृपेचे निरूपण ऐकविले तरी ते कानावरून जाते. ते दंडवत घालते, परंतु त्या दंडवतात प्रेम नसते, धाक असतो. अन्य देवतांचे, भुताखेतांचे भय घालणाऱ्याचा दोष तर याहून उघड आहे. अनन्य भक्तीचा उपदेश घेतलेल्या घरात ज्यांची उपासना करावयाची नाही, त्यांचीच भीती मात्र मुलाच्या मनात पेरली जाते.

दुसरा प्रकार भिक्षुकाचे भय. 'रडशील तर गोसावी झोळीत घालून नेईल' ही महाराष्ट्रातील जुनी धमकी. ती उपदेशी घरातही ऐकू येते. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही मार्गातील साधने होत. त्यांतील भिक्षुक दारात उभा राहिला असता घरातील बालक दंडवत घालण्याऐवजी आत पळून लपत असेल, तर त्या बालकाचा काय अपराध? साधन म्हणून ज्याचा आदर करावयाचा, त्यालाच घरच्यांनी बागुलबुवा केले. येथे महंत व तपस्विनी यांचेही कर्तव्य आहे. भिक्षेस किंवा भेटीस गेले असता मूल लपलेले दिसले, तर हसून सोडून न देता त्याच्याशी दोन शब्द गोड बोलावेत आणि घरच्या मंडळींना एकांतात समज द्यावी. श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्रात लहान मुलांच्या खेळात रमण्याच्या लीळा आहेत. ज्या मार्गाच्या अवताराने बालकांना असे आपलेसे केले, त्या मार्गाचा भिक्षुक बालकाला भयाचे कारण वाटावा, हे उचित नव्हे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जाईल, की शास्त्रातही नरकाचे निरूपण आहे. जीवाला दुष्कर्माचे फळ भोगावे लागते, असे शास्त्रच सांगते. मग भय हे साधन नाही असे कसे म्हणावे?

याचे उत्तर असे, की नरकाचे निरूपण विवेक जागृत असणाऱ्या श्रोत्यासाठी आहे. तेथे कर्म आणि फळ यांचा संबंध स्पष्ट केलेला असतो आणि निवृत्तीचा मार्गही दाखविलेला असतो. त्यातून जो उपजतो, तो अनुताप होय. बालकाला घातलेल्या भयात यांपैकी काहीच नसते. त्याला कर्माचे भय वाटत नाही, माणसाचे वाटते. 'मी तांब्या लवंडला हे चुकले' असे ते शिकत नाही. 'बाबा घरात असताना तांब्याजवळ जाऊ नये' एवढेच शिकते. अनुताप माणसाला चूक कबूल करावयास लावतो, भय चूक लपवावयास लावते. एकाच्या पोटी सत्य जन्मते, दुसऱ्याच्या पोटी असत्य. म्हणून दोहोंना एक मानता येत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे. धाक नसेल तर मुले बेताल होतील, असे तो म्हणतो. या म्हणण्यात तथ्यांश आहे आणि तो नाकारू नये. मर्यादा नसलेल्या घरात वाढलेले मूलही दुःखीच होते. परंतु मर्यादा आणि धाक या भिन्न वस्तू आहेत. मार्केट यार्डातील वजनकाटा पाहावा. तो कोणावर रागावत नाही, कोणाचा अपमान करीत नाही. पण कोणी कितीही आरडाओरडा केला तरी चाळीस किलोंचे पन्नास किलो दाखवीत नाही. ओळखीचा असो वा अनोळखी, काल असो वा आज, माप एकच. घरातील नियम या काट्यासारखा असावा. 'मारायचे नाही' असे ठरले, म्हणजे मुलाने मारायचे नाही आणि वडिलांनीही नाही. आज हसून सोडले आणि उद्या त्याच गोष्टीला थोबाडीत दिली, तर मुलाला नियम कळत नाही, वडिलांची लहर तेवढी कळते. आणि लहर ओळखण्यात जे मूल तरबेज झाले, ते सदाचारी झाले असे म्हणता येत नाही.

शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करणे व त्याचा मानसिक छळ करणे यांस २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली आहे. जे शिक्षकाला कायद्याने वर्ज्य झाले, ते अहिंसाधर्म मानणाऱ्या मातापित्यांनी धर्म म्हणून आधीच वर्ज्य केलेले असावयास हवे.

विकार ओळखण्याची सवय

मग मुलाच्या क्रोधाचे करावे काय? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विकाराची साखळी सांगितली आहे. विषयाच्या चिंतनातून आसक्ती, तिच्यातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, त्यातून स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धिनाश. या क्रमाकडे लक्ष दिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. क्रोध भडकल्यावर बुद्धी ठिकाणावर नसते; म्हणून त्या क्षणी केलेला उपदेश वाया जातो. तो क्षण उपदेशाचा नव्हे, सोबतीचा आहे. मूल शांत झाल्यावर त्याच्याबरोबर मागे वळून साखळीची आधीची कडी शोधावी: 'तुला राग कशाचा आला? भावाला आधी वाढले म्हणून वाईट वाटले काय?' रागाच्या मागे पुष्कळदा दुःख असते आणि हट्टाच्या मागे भूक किंवा झोप. ज्याला त्याचे नाव सापडले, त्याच्यावरील त्या विकाराची पकड ढिली होते. आधुनिक मानसशास्त्रज्ञांनीही मनातील भावनेला शब्द दिल्याने तिचा आवेग उतरतो असे प्रयोगांनी दाखविले आहे.

यासाठी मुलाला विचारू देणे आणि बोलू देणे अगत्याचे आहे. महदाइसा स्वामींना किती प्रश्न विचारीत, हे लीळाचरित्राच्या वाचकांस सांगावयास नको. स्वामींनी त्यांच्या जिज्ञासेचा गौरवच केला. शास्त्राचे कितीतरी निरूपण अशा विचारण्यातून प्रकट झाले. 'फार बोलू नकोस' हे वाक्य ज्या घरात वारंवार उच्चारले जाते, तेथे जिज्ञासा मरते आणि तिच्याबरोबर मन उघडे करण्याची सवयही मरते. तसेच, स्वामींनी गहन सिद्धांतही दृष्टांतांनी समजावून दिले. केशिराजबासांनी संग्रहित केलेल्या दृष्टांतपाठात असे शंभराहून अधिक दृष्टांत आहेत. मोठ्यांनाही ज्या पद्धतीने बोध झाला, ती सोडून लहानांना मात्र हुकूम करावेत, हे कोणत्या न्यायाने?

दुःखाविषयीही हेच. 'मुलगा असून रडतोस?' असे विचारले जाते. सर्वज्ञांच्या उत्तरापंथगमनानंतर नागदेवाचार्यांसारख्या थोर पुरुषालाही विरहदुःखाने व्याकुळ केले. त्या दुःखाला कोणी दुर्बलता म्हटले नाही. भक्तजन ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी गेले आणि सेवेत राहिले. दुःखावर उपाय सोबत आणि सेवा हा होता, धिक्कार नव्हता. आजी वारल्यावर रडणाऱ्या नातवाला गप्प न करता तिच्या आवडत्या तुळशीला पाणी घालण्याचे काम द्यावे.

सन्निधानाचा संस्कार

मार्गात सन्निधानाचे माहात्म्य मोठे आहे. जे शंभर वचनांनी होत नाही, ते सहवासाने होते. हाच नियम घरातही चालतो आणि तो चांगल्या-वाईट दोन्ही गोष्टींस लागू आहे. १९६१ साली अमेरिकेत आल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुल्यावर प्रहार करताना काही बालकांना दाखविले. पुढे तो बाहुला समोर येताच त्या बालकांनी तेच प्रहार, तेच शब्द उच्चारून केले. त्यांना कोणी तसे करावयास सांगितले नव्हते. बालकाने पाहिले, एवढेच पुरले. जो पिता मुलाला मारून 'भावाला मारू नकोस' असे शिकवितो, त्याच्या शब्दाचा आणि हाताचा विरोध पडतो, आणि मूल हाताचे ऐकते.

आचार

गृहस्थाने घरी करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत, पण नित्याच्या आहेत.

कामावरून आल्यावर हातपाय धुऊन, पाणी पिऊन, काही क्षण स्मरण करून मगच मुलांत मिसळावे. बाजाराची धूळ जशी उंबरठ्याबाहेर झटकली जाते, तसा बाजाराचा रागही झटकावा. पहाटे अंधारात कामावर जाणाऱ्याने 'आत्ता येतो' अशी खोटी समजूत घालून निघू नये. रात्री निजतानाच 'तू उठशील तेव्हा मी बाजारात असेन, दुपारी जेवायला येईन' असे खरे सांगावे. मूल क्षणभर रडेल, परंतु वडिलांचा शब्द खरा असतो हे शिकेल.

सायंकाळी देवपूजावंदनानंतर घरातील सर्वांनी थोडा वेळ एकत्र बसावे. आज कशाचा आनंद झाला, कशाचा राग आला, हे मोठ्यांनी आधी सांगावे म्हणजे लहान सांगतात. स्मरण किंवा पारायण शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. 'खोडी केलीस, आता गाठी मोजून नाम घे' असे म्हटल्याने नामाचा आणि लज्जेचा संबंध जुळतो आणि तो तुटावयास आयुष्य लागते.

आणि शेवटची गोष्ट कठीण आहे. रागाच्या भरात मुलावर अन्याय झालाच, तर वडिलांनी त्याच्याजवळ तो कबूल करावा. मार्गात दोष लपविला जात नाही, त्याचे प्रायश्चित्त घेतले जाते. लहानथोर परस्परांस दंडवत करतात, त्यात कोणाचा मान घटत नाही. 'मी चिडलो, ते चुकले' असे पित्याच्या तोंडून ऐकलेले मूल दोन गोष्टी एकदम शिकते: राग मोठ्यांनाही येतो, आणि राग आल्यानंतरही परत येण्याची वाट असते.

जीव हा परमेश्वराच्या उद्धारकार्याचा विषय आहे, मातापित्यांची मालमत्ता नव्हे. जीवाचे कर्म आणि त्याची योग्यता त्याच्याबरोबरच येतात. जन्मदाते निमित्त असतात. काही वर्षांपुरता तो जीव आश्रयास आला आहे, हे ध्यानी ठेवणाऱ्या गृहस्थाला अहिंसेची पहिली परीक्षा कोठे द्यावयाची, हे वेगळे सांगावे लागत नाही. मुंगीला चुकवून टाकलेले पाऊल योग्यच आहे. त्याच पावलाने घरात शिरताना लेकराच्या चेहऱ्यावर भय दिसते की आनंद, हे पाहण्याचा अभ्यास प्रत्येक वासनिकाने नित्य करावा.

दंडवत प्रणाम.